आधी प्रश्न तर ठरव

"सगळं आहे मॅडम, पण मी नेमका कशासाठी जन्मलोय तेच कळत नाही." फोंड्यात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या तिशीतल्या मुलामुलींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की एकाचं तरी सांगते, ओळखीच्या खुणा बदलून.

पणजीत सरकारी नोकरी, घरचे खुश आणि हा रात्र रात्र जागा. शेवटी देवळात जाऊन प्रसाद लावला, म्हणजे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली की होय, डावी पडली की नाही.

"काय विचारलंस?"

"माझा मार्ग कुठला. तर भटजी म्हणाले, असं नाय विचारता येत, होय-नाय उत्तर येईल असं विचार. मला सुचेचना, आलो घरी."

भटजींनी माझं अर्धं काम करून ठेवलं होतं. मी व्हिक्टर फ्रँकलना मानते, नाझी छळछावण्यांतून वाचलेले मानसोपचारतज्ज्ञ, त्यांचं म्हणणं की जगण्याचा अर्थ काय हे आपण विचारायचं नसतं, जगणंच आपल्याला विचारत असतं आणि आपण कृतीने उत्तर द्यायचं.

पुढच्या सेशनला विचारलं, "चवथीला गणपतीच्या पूजेला तूच बसतोस ना? संकल्प कसा सोडतोस?"

त्याने तळहात पुढे केला, पळीतलं पाणी घेतल्यासारखा. "संवत्सर, तिथी, वार, गोत्र, नाव... मग फळ काय हवं ते, आणि शेवटी करिष्ये."

"करिष्ये म्हणजे?"

"करीन." हात तसाच राहिला, बराच वेळ. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आज, इथे, मी करीन. जन्मभराचं काही नसतंच त्यात."

इतक्या वर्षांत मलाही हे असं दिसलं नव्हतं, खरंच अंगावर काटा आला. इच्छा सगळ्यांनाच असते हो, पण तिला तिथी-वार लागला की तिचा संकल्प होतो, आणि माझ्या मते माणसातला देव तिथेच जागा होतो. गीतेत 18व्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्णसुद्धा अर्जुनाला 'यथेच्छसि तथा कुरु' म्हणतो, ठरवायचं काम त्याच्यावरच सोडतो. तेव्हा आयुष्याचा उद्देश सापडेपर्यंत थांबून राहू नका, या आठवड्याचं एक काम ठरवा ज्याची कुणीतरी वाट बघतंय.

"वाड्यावरची भुरगी, म्हणजे पोरं, घुमट शिकव म्हणून मागे लागलीत," तो म्हणाला आणि ते मडक्याचं वाद्य कसं वाजवतात ते माझ्या टेबलावरच दाखवायला लागला, एक हात कातड्यावर, दुसरा मडक्याच्या उघड्या तोंडावर उघडझाप करत. "पण हा काय उद्देश झाला मॅडम?"

"आजचा झाला."

तीन आठवड्यांनी आला तो मध्येच घड्याळ बघत. "आज थोडं लवकर सोडाल? सातला भुरगी जमतात, आणि एकाचा ताल अजून चुकतोय."