सोमवारी कामावर येण्याआधी

चि.,

आपल्यासारख्यांनी पत्राच्या माथ्यावर ‘चिरंजीव’ लिहावं हे जरा विनोदीच आहे. पण हाताला लागलेली सवय जात नाही.

तू विचारलंस, मृतदेह आवरून शेवटच्या निरोपासाठी तयार करायच्या या कामात अवघड काय: मृतदेहाला हात लावणं की रडणाऱ्या माणसांशी बोलणं? दोन्ही जमतं. जमायला वेळ लागतो ते दोघांचा वेळ सांभाळणं. देह थांबत नाही आणि घरच्यांना घाई करून चालत नाही. देहाचं काम जितकं वेळेवर आणि नेमकं उरकशील, तितकी सवड घरच्यांच्या वाट्याला येते.

आधी देहाचं सांगतो. मृत्यूनंतर साधारण २ ते ४ तासांत जबडा आणि मान ताठरायला लागतात, १२ तासांच्या आसपास सगळं अंग कडक होतं, आणि दीड-दोन दिवसांत ते पुन्हा सैल पडतं. उकाड्यात हे भराभर होतं, थंडीत रेंगाळतं. म्हणून पोचल्या पोचल्या चेहऱ्याकडे बघ आणि लगेच विचार, कवळी होती का? पलंगाशेजारच्या डबीत राहिलेली कवळी ही आपल्या कामातली नेहमीची चूक. जबडा सैल आहे तोवर ती बसवणं दोन मिनिटांचं काम. नंतर मात्र गाल आत ओढलेलेच राहतात आणि मुलगी दारातच थबकते, कारण समोरचा चेहरा तिला ओळखीचा वाटत नाही.

पापण्या हलक्या बोटाने मिटून अर्धा मिनिट तशाच धरून ठेव. तरी उघडल्या तर पापणीखाली कापसाचा अगदी पातळ पापुद्रा सरकव. तोंड मिटून राहावं म्हणून हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची आणि डोकं छातीपेक्षा उंच ठेवायचं. डोक्यावरून घट्ट पट्टी बांधू नकोस, तिचा वळ उठतो आणि मेलेल्या कातडीवरचा वळ सहसा जात नाही. डोकं उंच ठेवण्याला आणखी एक कारण आहे. रक्ताभिसरण थांबलं की रक्त खालच्या बाजूला साकळतं आणि ८ ते १२ तासांत तो जांभळा डाग पक्का होतो. डोकं खाली राहिलं तर तो कानांवर, गालांवर उतरतो आणि मग रंगरंगोटीने फारसा झाकला जात नाही.

ताठरलेला हात सरळ करायचा असेल तर झटका देऊ नकोस. सांधा चोळत थोडा थोडा वाकवत जा. पूर्ण ताठरल्यानंतर एकदा सुटलेला सांधा पुन्हा ताठरत नाही.

देह कुशीवर वळवताना छातीतली हवा स्वरयंत्रातून बाहेर पडते आणि कण्हल्यासारखा आवाज येतो. घरातलं कुणी खोलीत असेल तर आधी सांग, किंवा त्यांना बाहेर बसव. हा आवाज ऐकून ‘जिवंत आहेत’ म्हणून धावत आलेल्या मुलाला समजावणं फार जड जातं. त्याच हवेबरोबर क्षयाचे जंतूही बाहेर येऊ शकतात, म्हणून वळवण्याआधी तोंडावर कापड टाक आणि स्वतः मास्क लाव. खाली शोषून घेणारी चादर हवीच, कारण स्नायू सैल पडले की मलमूत्र सुटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण घरच्यांना ते दिसता कामा नये.

जिना उतरताना पाय पुढे आणि डोकं वरच्या अंगाला, नाहीतर पोटातलं पाणी तोंडाशी येतं. छातीवर, मांड्यांवर आणि घोट्यांच्या वर असे तीन पट्टे. देह उचलण्याआधी रिकामं स्ट्रेचर वळणावरून फिरवून बघ. भरलेलं स्ट्रेचर जिन्याच्या कोपऱ्यात अडकलेलं घरच्यांनी पाहिलं, तर बाकी सगळं विसरतील, तेवढं विसरणार नाहीत.

शीतपेटी २ ते ४ अंश सेल्सिअसवर ठेवायची. थंडी कुजणं लांबवते, थांबवत नाही. पोटाच्या उजव्या अंगाला खाली हिरवट छटा दिसायला लागली की समज, वेळ संपत आलाय. आतड्याचा तो भाग कातडीच्या अगदी जवळ असतो म्हणून पहिली खूण तिथे उमटते. घरचे ‘अजून दोन दिवस थांबू’ म्हणत असतील तर हे तू त्यांना वेळेवर आणि स्पष्ट सांगायला हवंस.

दाढी करताना भरपूर फेस, नवं पातं, आणि केस वाढतात त्याच दिशेने. जिवंत माणसाच्या गालावर वस्तरा ओढला गेला तर भरून येतो. मृताच्या गालावर ती जागा वाळून तपकिरी होते. मिशीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. भांग पाडण्यासाठी फोटो मागवशील तेव्हा दुसऱ्याने काढलेला माग. सेल्फी कधी कधी आरशासारखी उलटी असते, भांग भलत्याच बाजूला पडतो आणि घरच्यांना काहीतरी चुकलंय एवढंच जाणवतं, काय ते सांगता येत नाही. ‘मेल्यावर नखं वाढली’ असं कुणी म्हणालंच तर वाद घालू नकोस. नखं वाढत नाहीत, कातडी वाळून मागे सरते. विचारलं तरच सांग.

देह जागेवरून हलवण्याआधी मनगटाला आणि घोट्याला अशा दोन चिठ्ठ्या बांध. पुरतं नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख, पाण्याने न पुसणाऱ्या शाईत. ताब्यात देताना दोघांनी मोठ्याने वाचायचं. एकाच आडनावाचे दोन देह एका वेळी आले तर दोन्ही कागदांवर लाल खूण कर. बाकीच्या चुकांना माफी मागता येते. देहाची अदलाबदल झाली तर कुठल्या तोंडाने मागणार?

दागिन्यांच्या यादीत ‘सोन्याची अंगठी’ लिहू नकोस, ‘पिवळ्या धातूची’ लिही. सोनं पारखणं आपलं काम नाही. अडकलेल्या अंगठीसाठी हात थोडा वेळ उंच ठेव, साबण लाव, दोरा गुंडाळून बघ. कापायची तर लेखी परवानगी घेऊनच.

दहन असेल तर पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळायला छातीत बसवलेलं यंत्र, आहे का हे विचारल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही. दाहिनीत ८०० ते १००० अंशांत त्याची बॅटरी फुटते, भट्टीचं नुकसान होतं आणि समोरच्या माणसाला इजा होऊ शकते. ठोके बिघडले की हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र छातीत असेल तर तंत्रज्ञाने ते बंद केल्याखेरीज त्याची तार कापायची नाही, झटका तुलाच बसेल. मृत्यूबद्दल पोलिसांचा संशय असेल तर काहीच करू नकोस. धुणं नाही, पुसणं नाही, नळी काढणं नाही.

आता घरचे. पहिल्या फोनवर एवढंच विचार: देह कुठे आहे, डॉक्टरांनी मृत्यू लिहून दिला का, कितवा मजला आणि लिफ्ट आहे का, आणि निर्णय कोण घेणार. नाव अक्षर-अक्षर लिहून घेऊन परत वाचून दाखव. कशाने गेले, ते नंतर कळतंच. पहिल्या दिवशी दोन-तीनच निर्णय मागायचे आणि ठरलेलं सगळं कागदावर देऊन यायचं. दुःखात माणसं मान डोलावतात, ऐकत नाहीत. विधींबद्दल स्वतःचं ज्ञान सांगू नकोस, विचार.

आपल्या तोंडात ‘बॉडी’ हा शब्द इतका बसलाय की तो घरच्यांसमोरही सुटतो. ‘बॉडी कुठे ठेवू?’ म्हणण्यापेक्षा ‘बाबांना कुठे ठेवू?’ म्हण. शीतगृहाच्या दारात एखादी बाई सांगते, ‘ह्यांना पंख्याचा वारा सोसत नाही हो.’ त्या वाक्यातला वर्तमानकाळ दुरुस्त करू नकोस. आणखी एक चादर आण, तिच्यासमोर खांद्यापर्यंत नीट ओढ, कडा आत खोच आणि मगच दार लाव.

दुःखाच्या पाच पायऱ्यांचा तक्ता (नकार, राग, घासाघीस, खचणं, स्वीकार) तू पाठ केलाच असशील. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्याही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. तेव्हा कुणी हसलं, हिशोब मागितला, भावाशी भांडलं, तर कुठली पायरी ते शोधू नकोस. भावंडांचं भांडण पेटलं तर सही कुणाची चालते तेवढं बघ आणि न बोलणाऱ्या नातेवाइकांना दर्शनाची वेगळी वेळ दे.

मुलांशी ‘आजोबा झोपले’ म्हणू नये, हे पालकांना हळूच सांग. त्या रात्री मूल झोपायलाच घाबरतं. ‘आजोबा मेले, त्यांचं शरीर आता चालत नाही, त्यांना दुखत नाही’ हे पाच वर्षांच्या मुलालाही पुरतं.

तान्ह्या मुलाचा देह स्ट्रेचरवर नेऊ नकोस. दोन्ही हातांत घे, मानेखाली तळवा ठेवून, जिवंत बाळाला घेतात तसंच. आईवडिलांची नजर आपल्या हातांवर असते. असं काम झालं की पुढचं तसंच काम दुसऱ्याकडे जाईल, हे आधीच ठरवून ठेव आणि मोठेपणासाठी मोडू नकोस.

तुझ्या घरचंही ऐक, कारण तिथे बहुतेक जण हरतात. रात्रीचा फोन दोघांनी आलटून-पालटून सांभाळायचा. तुझी पाळी नसेल त्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत. कामाचे कपडे कामावरच बदलायचे. वास कपड्यांपेक्षा केसांत जास्त बसतो, तेव्हा डोक्यावरून अंघोळ. घरातल्या कुणी साधा ताप आला म्हटलं तर तुझ्या डोळ्यांसमोर भलतंच येईल. ते सगळ्यांनाच येतं. थर्मामीटर लाव. आणि घरच्या भांडणात ‘मी रोज काय बघतो तुम्हाला काय कळणार’ हे वाक्य वापरू नकोस. ते खरं असतं, म्हणूनच समोरच्याला उत्तर उरत नाही.

सोमवारी येताना नखं कापून ये, नाहीतर हातमोजे फाटतात आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी त्याहून लवकर फाटते. न वाजणाऱ्या तळव्याचे बूट घाल. अत्तर लावू नकोस; त्या दिवसाचा वास लोकांना वर्षानुवर्षं आठवतो, आणि तो तुझ्या अत्तराचा नसावा.