इलेक्ट्रिक गाडीला टो बार बसवून सायकलींचा रॅक लावता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला राहता, चार मीटरच्या आतली इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे, दोघांच्या दोन सायकली महिन्यातून एकदा इगतपुरी किंवा माळशेजकडे न्यायच्या आहेत, आणि एक गॅरेजवाला मागे टो बार, म्हणजे ट्रेलर किंवा रॅक अडकवायला टोकाला गोळा (बॉल) असलेला लोखंडी दांडा, बनवून द्यायला तयार आहे. बसवावा का?

माझं उत्तर, बसवू नका. निदान गॅरेजमध्ये बनवलेला तरी नकोच. पावणेदोन वर्षांपूर्वी मीही कोलशेतहून गाडी घेऊन असाच एका गॅरेजात गेलो होतो. रॅक कुठला घ्यायचा हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा आणि बार नक्की कुठे बसणार ते दाखवा, एवढंच मी म्हणालो. खालून जे दिसलं त्यावरून माझा विचार बदलला.

मागचा बंपर नुसता प्लास्टिकचा असतो. त्याच्या आत एक आडवी पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना गाडीच्या सांगाड्याचे लांब दांडे येऊन मिळतात. मागून कोणी धडकलं की आधी ही पट्टी आणि दांड्यांची टोकं चेपतात आणि धक्का पोटात घेतात. टो बार धरायला गाडीत पुरेशी मजबूत जागा तीच. ज्या गाड्यांना कंपनीने टो बार मंजूर केलेला असतो, त्यांच्या दांड्यांत त्यासाठी आधीच भोकं ठेवलेली असतात आणि बार तिथे ठरावीक जोराने (टॉर्कने) आवळलेल्या बोल्टवर बसतो. माझ्या गाडीत तशी भोकं नव्हती. गॅरेजवाल्याचं म्हणणं, पट्टीला दोन प्लेटा वेल्ड करू, एक चौकोनी पाइप काढू, झालं काम. माणूस हाताने चांगला होता, ट्रॉल्या आणि जीपची कामं त्याने खूप केली होती. पण ही पट्टी बहुतेक गाड्यांत उच्च ताकदीच्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमकी जोडाजवळचीच ताकद उतरते. वर, जी जागा चेपायला हवी ती ताठ केली की धक्का सरळ सांगाड्यात जातो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबार, क्रॅशगार्ड (बंपरवर वरून बसवायच्या लोखंडी चौकटी) यांवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं, त्यामागेही सुरक्षेचंच कारण होतं.

गाडी इलेक्ट्रिक असल्यामुळे आणखी दोन गोष्टी येतात. बॅटरीचं खोकं पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे जमिनीलगत असतं आणि नारिंगी आवरणाच्या हाय व्होल्टेज केबल गाडीखालून जातात. कुठली केबल कुठून गेली आहे ते माहीत नसताना ड्रिल चालवणं जिवावर बेतू शकतं. वेल्डिंगचा करंट गाडीच्या बॉडीतून परत जातो आणि वाटेतल्या इलेक्ट्रॉनिक्सला इजा करू शकतो. दुसरी गोष्ट बॅटरीच्या वॉरंटीची. गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच, आणि गाडीखाली केलेल्या कामावरून त्याचा दावा अडला तर महिन्यातून एकदाच्या सहलीची किंमत फार मोठी होईल.

दोन सायकलींचं वजन ते किती, असं मलाही वाटायचं. हिशोब करून बघा. रॅक साधारण 18 किलो, सायकली प्रत्येकी 14 धरल्या तर एकूण 46 किलो. पण हे वजन गाडीच्या वर नाही, मागे लटकलेलं असतं. बार जिथे बोल्ट केला तिथून वजनाचा मध्य सहज पन्नासएक सेंटिमीटर लांब, त्यामुळे बोल्टांवर खाली ओढण्यापेक्षा उपटून काढण्यासारखा जोर येतो. गाडी खड्ड्यात आपटली की तो क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. गायमुखच्या चढावर किंवा माजिवड्याच्या पुलाच्या सांध्यांवर असे धक्के किती बसतात ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या दिवशी जोड निघणार नाही. तो रोज थोडा थोडा थकत जाईल, आणि ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी मागे स्कूटरवर कोणीतरी असेल. माझ्या डोळ्यांसमोर तेच चित्र आलं आणि मी गाडी खाली उतरवायला सांगितली.

युरोपात हे लोक सर्रास करतात, मग आपल्याकडे का नाही, हा प्रश्न मीही त्या वेळी धरून बसलो होतो. तिथे जुनी निसान लीफ किंवा रेनॉ झोई यांसारख्या गाड्यांना ट्रेलर ओढायची परवानगी नाही, पण फक्त सायकल रॅकसाठी टो बार मिळतात. ते त्या त्या मॉडेलसाठीच आखलेले असतात, आणि बॉलवर किती किलो उभा भार चालेल तो आकडा बारच्या पट्टीवर छापलेला असतो. 50 मिलिमीटरचा टो बॉल आणि त्याचा बार यांची नियमाने चाचणी होते, त्यात लाखो वेळा भार उलटसुलट देऊन धातू थकतो का ते पाहतात. ह्युंदाईची इलेक्ट्रिक आयोनिक 5 तर तिथे ब्रेक असलेला 1600 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढते. म्हणजे इलेक्ट्रिक गाडी आणि टो बार यांचं वैर नाही. तुमची गाडी अशा मॉडेलांपैकी असेल, कंपनी इथेही तो बार देत असेल आणि लेखी मान्यता असेल, तर माझं उत्तर बदलेल. कंपनीला फोनवर विचारू नका, मेल करून लेखी उत्तर मागा. सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार चांगल्या मनाने ‘चालतं हो’ म्हणतो, पण ते क्लेमच्या कागदावर येत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. दंड भरून मोकळे होऊ असं वाटत असेल तर विमा आठवा. न कळवलेला बदल अपघाताच्या पंचनाम्यात दिसला की क्लेमवर आक्षेप येतो, आणि त्या वेळी समोरच्या जखमी माणसाचाही प्रश्न असतो.

नंबर प्लेटचंही बघा. रॅकवर सायकली चढल्या की हिरवी पाटी आणि निम्मे दिवे झाकले जातात. परदेशात रॅकलाच वेगळी पाटी आणि दिवे असतात. आपली हाय सिक्युरिटी पाटी न निघणाऱ्या लॉकने बसवलेली असते, ती काढून रॅकवर लावता येत नाही. पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेचे कॅमेरे पाटी वाचतात, ते वेगळंच. रॅकचे दिवे पेटवायचे तर वायर मागच्या दिव्यांतून घेऊ नका. नव्या गाड्यांचा कंप्युटर दिव्यांचा करंट तपासत असतो, तो फरक ओळखून एरर देतो. त्यासाठी 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले असलेलं मॉड्यूल लागतं. शिवाय लांबी. माउंटन बाइक टोकापासून टोकापर्यंत सुमारे 180 सेंटिमीटर भरते आणि तुमच्या गाडीची रुंदीही साधारण तेवढीच. जरा तिरकी बसली तर चाक बाहेर, आणि बाजूला मर्यादेबाहेर गेलेल्या मालाला कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आहे.

डिकीला पट्ट्यांनी बांधायचा कॅरिअर मी दोनतीन वेळा वापरला. येऊरच्या पायथ्यापर्यंत ठीक. पण त्याचे हूक वरच्या प्लास्टिकच्या स्पॉयलरवर येत असतील तर घेऊ नका. माझ्या गाडीत तिथेच भेग पडली. हूक डिकीच्या धातूच्या काठावर बसतात का ते आधी पाहा. पाटीचा प्रश्न त्यालाही आहेच. छतावरच्या रॅकचं सांगायचं तर, रेल्स खऱ्या आहेत की नुसत्या दिखाऊ, आणि छतावर किती किलो चालतं, ते मॅन्युअलमध्ये वाचा. समृद्धीला लागलात तर उभ्या सायकलींवर वारा भयंकर लागतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, आणि इलेक्ट्रिक गाडीत ते लगेच उरलेल्या किलोमीटरमध्ये दिसतं. वर सायकली आहेत हे विसरून सोसायटीच्या बेसमेंटमध्ये शिरलेली माणसंही मी पाहिली आहेत. आणि गाडीच्या मागे लांबलेल्या रॅकला बेसमेंटच्या रॅम्पच्या तळाशी जमीन घासायची भीती असते.

एक साधी गोष्ट आवर्जून सांगतो. टोइंगच्या किटमध्ये येणारा, बंपरच्या भोकात पिळून बसवायचा हूक असतो ना, तो बंद पडलेली गाडी ओढायला असतो. त्याला रॅक अडकवायचा उद्योग कोणी सुचवला तर तिथेच थांबा.

शेवटी मी सायकली आत घेतो. मागची सीट पूर्ण पाडायची, दोन्ही सायकलींची दोन्ही चाकं काढायची, आधी एक फ्रेम उलटी, मधे जुनी गोधडी, मग दुसरी. डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) वरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे तो दबून वाकत नाही. साखळीवर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली की सीटला तेल लागत नाही. चाकं उभी करून बाजूला. पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला, आता पंधरा मिनिटांत होतं. मूल सोबत असेल तर मात्र हे जमत नाही. आम्ही तेव्हा इगतपुरीला सायकली आदल्या दिवशी टेम्पोने पाठवल्या होत्या.

तुमच्या सायकलींना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या जबड्यात, प्लास्टिकचा स्पेसर घाला, नाहीतर जाड पुठ्ठ्याची घडी तरी. चाक नसताना कोणाचा हात लिव्हरवर पडला तर पॅड आपसात चिकटतात आणि मग कसाऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ते उघडत बसावं लागतं. सायकलींची फ्रेम साइज आणि गाडीचं मॉडेल कळवा, दोन्ही आत बसतील का ते मोजून सांगतो.