शिकागोच्या जुन्या स्टॉक एक्स्चेंज इमारतीत कोण भाडेकरू होते आणि ती का पाडली?

ला सॉल स्ट्रीटवरील या इमारतीत कोण कोण होते आणि एवढी नावाजलेली वास्तू पाडली तरी का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नात इमारतीचे नावच चकवते. ज्या शेअर बाजाराचे नाव तिला चिकटले तो तिथे १८९४ ते १९०८ एवढाच काळ होता. पुढची चौसष्ट वर्षे ती त्याच्याविना उभी होती. बाजार गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या दुमजली उंचीच्या हॉलमध्ये फोरमन बंधूंची बँक आली, आणि पुढे स्टेन्सिलने रंगवलेली मूळ नक्षी नव्या रंगाखाली झाकली गेली. खरे उत्पन्न मात्र वरच्या मजल्यांवरच्या लहानमोठ्या कार्यालयांच्या भाड्याचे होते.

मला स्वतःला भाडेकरूंपेक्षा शेजाऱ्याची गोष्ट अधिक रंजक वाटते. पश्चिमेला भिंतीला भिंत लागून 'हेरल्ड' वृत्तपत्राची छपाईयंत्रे होती आणि पायासाठी लाकडी खांब ठोकले असते, तर त्या हादऱ्यांनी ती बिघडण्याची भीती होती. म्हणून विल्यम सूय स्मिथ या अभियंत्याने त्या बाजूला विहिरीसारखे खड्डे कठीण मातीपर्यंत हातांनी खोदवून काँक्रीटने भरून घेतले. ही पद्धत पुढे शिकागोच्या उंच इमारतींसाठी रूढ झाली.

पाडण्याचे कारण साधे, जमिनीच्या हिशेबाचे आहे. अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांची ही इमारत १३ मजल्यांची होती, तर तिच्या जागी १९७५ साली ४३ मजली मनोरा उभा राहिला. तिला संरक्षित वास्तूचा दर्जा देण्यास नगर परिषदेने नकार दिल्यावर मालकांना अडवणारे काही उरले नाही. पाडकाम चालू असताना, १९७२ च्या एप्रिलमध्ये, कोरीव तुकडे वाचवायला आत गेलेले छायाचित्रकार रिचर्ड निकेल ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावले. त्यांचा मृतदेह मिळायला जवळजवळ चार आठवडे लागले.

त्यांनी आणि वास्तुविशारद जॉन व्हिन्सी यांनी जमवलेल्या भागांतून तो हॉल शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभारला आहे. प्रवेशाची कमान त्याच संस्थेबाहेर उभी आहे. तिच्यावरील एका वर्तुळात एक घर कोरलेले आहे: ही इमारत बांधण्यापूर्वी त्याच जागेवर असलेले पेक कुटुंबाचे.