रिकाम्या दिवसांची वही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा चहा घेताना आणि एकदा हातात पेन्सिल धरून. टेक्सासातल्या ऑस्टिनचं कन्व्हेन्शन सेंटर, म्हणजे परिषदा-प्रदर्शनांची ती मोठी इमारत, वाढवणं बरोबर की चूक, यावर तुला वर्गात बाजू मांडायचीय. त्यातच असल्या प्रकल्पांचे अहवाल लिहिणाऱ्या कंपनीनं उन्हाळ्यात कामाला बोलावलंय. ‘काका, दोन्ही बाजू पटतात हो,’ म्हणतेस. पटणारच, दोन्ही बाजू शिकलेल्या माणसांनी लिहिल्यात. तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत नाही, ते काम तुझी आजी गल्लीभर करते. पण तुझ्या बोलण्यात हॉटेलं आली, नोकऱ्या आल्या, गाणारे-वाजवणारे आले, कर आला. ती इमारत वर्षात किती दिवस रिकामी असते, हे मात्र एकदाही आलं नाही.

रिकामे दिवस मोज. बाकीचं नंतर बोलू.

आपल्या बेळगावच्या शहापुरातलं मंगल कार्यालय तुला तीन मजली आणि लिफ्टवालंच आठवत असणार. त्याआधी ते बैठं होतं. अडीचशे पानांची पंगत बसायची आणि मागच्या खोलीत पोरं अभ्यासाला बसत. तुझे बाबा बारावीला तिथंच बसायचे, खिडकीजवळ, कारण ट्यूबलाइट तेवढी एकच होती. मी ट्रस्टचा खजिनदार. बुकिंगची वही माझ्याकडं असायची, खाकी पुठ्ठ्याची. कार्य असलं की निळी खूण, नसलं की लाल पेन्सिलीनं फुली. आषाढी ते कार्तिकी एकादशी पानंच्या पानं लाल. पौषात लाल. उरलेल्या महिन्यांत मुहूर्त असेल तेव्हा एकाच तारखेला चार जण भांडायला यायचे, आणि त्या चार जणांकडं बघूनच कमिटीला वाटायचं की जागा पुरत नाही.

मजले चढवायचं ठरलं तेव्हा आराखडेवाल्यानं वर्षाला ऐंशी कार्यं धरली. माझ्या वहीत त्या वर्षी बावन्न होती. वही पिशवीतच होती, सभेला घेऊनच गेलो होतो. काढली नाही. सही केली.

का केली? अध्यक्ष सासरकडचे होते. संगमरवरी पाटीवर माझं नाव येणार होतं, हेही खरं. पण तेवढंच नव्हतं. बाकी सहा सह्या आधीच झाल्या होत्या, माझी अडवून काय थांबणार होतं? असं मी वीस वर्षं म्हणत आलोय. घरात आता कुणी ऐकत नाही, म्हणून तुला लिहितोय.

पुढं हायवेला लॉन झाली, शंभर गाड्या लावायची सोय झाली, आणि मोठी कार्यं तिकडं गेली. आपल्याकडं कर्जाचा हप्ता राहिला. तिसऱ्या मजल्यावर दोन हजार स्टीलची ताटं सुतळीनं बांधून ठेवलीत, त्यांवर कबुतरं बसतात. अभ्यासाची खोली जिन्यात गेली. पुढं कुणी म्हणालं की एसी बसवला तर लोक परत येतील, आणखी थोडं कर्ज काढू. तेव्हा मात्र वही टेबलावर ठेवली आणि राजीनामा दिला. वार्षिक सभेचं बोलावणं तेव्हापासून येत नाही. न येवो.

आता तुझं ऑस्टिन. १९९२ ला उघडलं, २००२ ला वाढवलं, २०२५ च्या एप्रिलात पाडून परत बांधायला बंद केलं. खर्च १६० कोटी डॉलर, उघडणार २०२९ ला. तू म्हणतेस, हा हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांच्या कराचा पैसा आहे, टेक्सासच्या कायद्यानं तो मुख्यतः पर्यटन-अधिवेशनांवरच खर्चावा लागतो, रस्त्यांना-शाळांना देता येत नाही, मग गावाचं काय गेलं? अगं, आमचाही बांधकाम निधी वेगळाच होता. वेगळ्या डब्यातला पैसा आपला वाटत नाही, म्हणून तो काढताना हात थरथरत नाही. आणि लोकांना विचारायला हवं होतं म्हणशील, तर २०१९ च्या नोव्हेंबरात ‘विस्ताराआधी मतदान घ्या’ हा प्रस्ताव तिथल्या मतदारांनीच पाडला. लोकांचं मत आणि रिकामे दिवस ही दोन वेगळी खाती आहेत. एकात दुसरं मिळवू नकोस.

हेवूड सँडर्स म्हणून तुमच्या टेक्सासातलेच एक प्राध्यापक आहेत. त्यांनी २००५ साली ब्रुकिंग्ज या अमेरिकेतल्या अभ्याससंस्थेसाठी लिहिलं की १९९० पासून अमेरिकेत अशा सेंटरांची जागा ५० टक्क्यांहून जास्त वाढली, पण माणसं त्या मानानं वाढली नाहीत. मग शहरंच एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायला हॉल सवलतीत, कधी फुकटही देऊ लागली. जुनी आकडेवारी आहे म्हणशील. असू दे, मग नवी तू काढ. मोजताना स्टॉल उभारायचे आणि उतरवायचे दिवस वेगळे धर, ते भरलेल्यांत घुसडून टाकतात. विमानानं येऊन चार रात्री राहणारा डॉक्टर आणि संध्याकाळी गाड्यांचं प्रदर्शन बघून घरी जेवणारा गावकरी, यांना एका रकान्यात घालू नकोस.

मोठ्या इमारतींचा मला राग आहे असं समजू नकोस. आपल्याजवळच्या हलग्याचं सुवर्ण विधानसौध घे, कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत. २०१२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी उद्घाटन केलं. सीमाभागातला माणूस म्हणून त्यावर माझं जे म्हणणं आहे ते इथं काढत नाही, पत्र संपायचं नाही. मी नुसते दिवस मोजतो. अधिवेशन डिसेंबरात, दहाएक दिवस. पुढं काही कचेऱ्या तिथं हलवल्या, कारण रिकामेपण लपत नाही.

आणि बेळगावातलं १९२४ चं काँग्रेस अधिवेशन? गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढंच एक. देशभरातून माणूस आला, टिळकवाडीकडं मंडप पडला, पाण्यासाठी विहीर खोदली. अधिवेशन झालं, मंडप उतरला. विहीर काँग्रेस रोडला आजही आहे. १९४६ च्या साहित्य संमेलनात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोही आपल्या बेळगावात, आणि तेव्हा कुणाला लिफ्ट लागली नव्हती. आजच्या डॉक्टरांच्या परिषदा मांडवात होणार नाहीत, कळतं मला. पण पाहुणे गेल्यावर मागं काय उरतं, हे विचारायला काय जातं?

कंपनीत जायचं तर जा. मी नको म्हणणार नाही, हप्ते तुलाही आहेत. पण पहिल्याच दिवशी विचार की आजवर किती गावांना तुम्ही ‘वाढवू नका’ असं लिहून दिलंत. उत्तर द्यायला किती वेळ लावतात ते बघ. आणि ज्या दिवशी तुझ्या पिशवीत वही असेल, त्या दिवशी ती बाहेर काढ. सहा सह्या झालेल्या असल्या तरी. सातवी तुझी असते. हे मी रागावून लिहितोय असं वाटलं तर वाटू दे, थोडा राग आहेच, तो तुझ्यावर नाही.

गणपतीला येशील तेव्हा कुंदा घेऊन ठेवतो. त्याआधी एक कर. ऑस्टिनचं ते सेंटर बंद व्हायच्या आधीच्या वर्षाची तारीखवार यादी कुठं मिळाली तर छापून पाठव, मोबाइलवर नको, दिसत नाही. लाल पेन्सिल आहे माझ्याकडं.

तुझा काका