जुनंच कॉन्फिग वापरून लिनक्स कर्नल पुन्हा कसा कंपाइल करायचा?

देवगडात जुन्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, नवा हवाय, पण हजारो पर्याय पुन्हा निवडायचे नाहीत, असं तुम्ही विचारलंय. निवडायची गरजच नाही.

चालू कर्नलचं कॉन्फिग, म्हणजे निवडलेल्या पर्यायांची फाइल, बूट फोल्डरमध्ये असते. 'कॉन्फिग' आणि पुढे आवृत्ती क्रमांक अशा नावाने. ती नव्या कर्नलच्या सोर्स कोडच्या मुख्य फोल्डरात 'डॉट कॉन्फिग' (.config) नावाने कॉपी करा आणि 'मेक ओल्डकॉन्फिग' चालवा. जुनी उत्तरं राहतात, नव्याने आलेल्या पर्यायांपुरतंच विचारतो. तेही नको तर 'मेक ओल्डडेफकॉन्फिग', म्हणजे नव्यांना डिफॉल्ट लागतं. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' फक्त त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवतं, त्यामुळे काम पुष्कळ आटोपतं, पण तेव्हा जोडलेला नसलेला प्रिंटर किंवा डोंगल नंतर चालेलच असं नाही. मी त्या वाटेला जात नाही.

उबुंटूचं कॉन्फिग हमखास एका ठिकाणी अडतं. 'सिस्टम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टम रिव्होकेशन कीज' या ओळींत कॅनॉनिकलच्या (उबुंटू बनवणारी कंपनी) सर्टिफिकेट फाइलींचा पत्ता असतो. मूळ सोर्समध्ये त्या फाइली नसतात. अवतरणचिन्हं ठेवा, आतला मजकूर काढा.

मग 'मेक बिनडेब-पीकेजी' (make bindeb-pkg), आणि तयार झालेल्या डेब फाइली (उबुंटूची पॅकेजं) इन्स्टॉल करा. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा काय भरवसा! मध्येच गेली तर पुन्हा तीच कमांड द्या, झालेलं काम बहुतेक वाचतं. वैतागून 'मेक एमआरप्रॉपर' मात्र देऊ नका, डॉट कॉन्फिगसकट सगळं साफ होतं.

जुना कर्नल लगेच काढू नका, नवा रुसला तर ग्रबमधून, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेनूमधून, त्यावरच यावं लागेल.