गाय साडेसात महिन्यांची गाभण आहे, अजून ८ लिटर दूध देते. आटवावी का? औषधाशिवाय कशी आटवायची?

आटवा. आजपासूनच लागा. गाईचे गाभणपणाचे दिवस २८०. साडेसात महिने म्हणजे २२५ दिवस धरले तर व्यायला ५५ दिवस उरलेत, आटवून ठेवायला ६० पाहिजे होते. ४५ च्या खाली गेलात तर पुढच्या वेताचं नुकसान ठरलेलं.

हे एवढं ठाम सांगते कारण आमच्या घरात याच प्रश्नावर दोन वर्षं भांडण झालंय. आम्ही सांगोला तालुक्यातले. सहा एचएफ (होल्स्टीन, काळ्यापांढऱ्या संकरित) गाई, सकाळ-संध्याकाळची धार माझ्याकडे, वैरण मालकांकडे, आणि डेअरीचं खातं सासऱ्यांच्या नावावर. दर दहा दिवसांचा पगार त्यांच्या हातात येतो. त्यामुळे मामांचा हिशेब एकच: "देतीय तोवर पिळायचं. चालत्या दुधाला कोण कुलूप लावतं?" त्यांच्या उमेदीत दावणीला खिलार होती आणि एक पंढरपुरी म्हैस. त्या आपोआप आटायच्या. ही संकरित गाय पिळाल तर व्यायच्या दिवसापर्यंत दूध देत राहील, हे त्यांना पटतच नव्हतं. आजही काळीपांढरी कुठलीही गाय दिसली की ते तिला जरशीच म्हणतात.

तर आमची राणी, तिसऱ्या वेताला, सात महिन्यांची गाभण असताना ७ लिटरवर होती. मी म्हटलं आटवू. मामा नको म्हणाले, मालक गप्प. व्यायला अठरा-वीस दिवस राहिले तेव्हा कुठे धार बंद झाली. ती व्याली, मी चीक काढला आणि भांड्यात बघतच राहिले. चीक कसा, पिवळाधमक आणि बोटाला चिकटणारा असतो. हा नुसता दुधासारखा पातळ. आत्यांनी नेहमीप्रमाणे गूळ-वेलदोडा घालून खरवसाला ठेवला. तो थिजलाच नाही. परत वाफवला, तरी फुटल्या दुधासारखं पाणी वेगळं. आत्या म्हणाल्या, गूळ खराब असेल. गूळ चांगला होता. चिकात जे असायला पाहिजे तेच नव्हतं. कासेत चीक तयार होतो तो व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत, आणि तेव्हा आम्ही रोज कास रिकामी करत होतो.

त्याच चिकावर वासरू वाढवायचं होतं. कालवड होती, कपाळावर पांढरा ठिपका. चौथ्या दिवशी हगवण लागली, सलाईन झालं, नवव्या दिवशी गेली. वासराला रोगाशी लढायची ताकद जन्मतः नसते, ती पहिल्या काही तासांच्या चिकातूनच मिळते. आणि राणी? आदल्या वेताला १८ लिटरवर गेलेली गाय १२ च्या वर चढली नाही. मामांनी दोन महिन्यांत ३०० लिटर जास्तीचं घातलं असेल डेअरीला. रोजचे फक्त ४ लिटर कमी धरले तरी ३०० दिवसांच्या वेतात १२०० लिटर गेले. कालवडीचा हिशेब वेगळाच. हे मी त्यांना वहीवर मांडून दाखवलं. म्हणाले, "नजर लागली."

पुढच्या वर्षी चंद्रीची पाळी. तिचे २२० दिवस नेमके आषाढी वारीत भरत होते. मामा दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालत जातात. ते गेले त्याच संध्याकाळी मी तिची गोळी पेंड बंद केली. हिरवा मका, नेपियर गवत बंद, नुसता कडबा. पाणी मात्र पोटभर, पाणी तोडायचं नाही, काही लोक तोडतात, तो निव्वळ जाच आहे. दूध ९ वरून ५ वर आलं. मग चार दिवस एकच वेळ धार. त्याआधी चारी सडांचं दूध वेगवेगळ्या वाटीत घेऊन कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात हलवून बघितलं. कुठे चिकट शेंबडासारखं झालं असतं तर त्या सडाला लपलेली दगडी (कासेची सूज) आहे असं समजायचं आणि आधी डॉक्टर.

शेवटची धार पूर्ण निथळेपर्यंत काढली. सडाची टोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, डॉक्टरांनी चारी सडांत आटवायच्या ट्यूब सोडल्या, वरून आयोडीनमध्ये सड बुडवले. संपलं. यानंतर हात लावायचा नाही.

हेच अवघड आहे. तिसऱ्या दिवशी कास ताणून चकाकायला लागली, सडातून थेंब गळत होते, चंद्री माझ्याकडे बघून हंबरायची. रात्री बॅटरी घेऊन दोनदा गेले. आत्या म्हणाल्या, "काढ गं थोडं, मुका जीव आहे." थोडं काढलं की कासेला वाटतं अजून मागणी आहे, ती परत भरते. नाही काढलं. सहाव्या दिवशी कास मऊ पडली, दहाव्या दिवशी रिकाम्या पिशवीसारखी सुरकुतली.

इकडे डेअरीचा दुधाचा मेसेज मामांच्या मोबाईलवर जातो हे माझ्या लक्षातच नव्हतं. त्यांना वाचता येत नाही, पण दिंडीतले एक मास्तर त्यांना वाचून दाखवायचे. नातेपुत्याहून फोन आला, "दूध का उतरलं?" मी खरं सांगितलं. पलीकडून टाळ ऐकू येत होते, मामांचा आवाज नाही. एकादशी करून आले आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चंद्री ऑगस्ट सरता सरता व्याली. २१ लिटरवर गेली, आणि खरवस असा झाला की सुरीने वड्या पाडल्या. मामांनी दोन खाल्ल्या. म्हणाले, "यंदा पाऊसपाणी बरं झालं."

आता तुमचं "औषधाशिवाय". दूध कमी करायला औषध लागतच नाही, वैरणीनेच आटते. ट्यूब आहे ती आटवायला नाही, आटलेल्या कासेत दगडी होऊ नये म्हणून. ती वाचवू नका. पुढे एक सड गेला तर गाईची किंमत बाजारात पडते. पण सगळे सड स्वच्छ असतील तर ट्यूब घालायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांवर सोडा. आणि दुधातल्या गाईला सोडतात ती ट्यूब वेगळी, दुकानदार देईल ती घेऊ नका. गाय लवकर व्याली तर दूध डेअरीला घालण्याआधी ट्यूबवर लिहिलेले दिवस मोजा.

राहिलेलं: कास गरम, लाल झाली, गाय वैरण सोडायला लागली तर वाट बघू नका, डॉक्टर बोलवा. व्यायच्या आधी तीन आठवडे पेंड थोडी थोडी परत सुरू करा. भाकड काळात कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका, हाडातून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मोडते आणि व्याल्यावर गाय बसते, उठत नाही. गळीत हंगाम असेल तर उसाच्या वाढ्यावर सगळी भिस्त नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. गाय फारच खंगलेली असेल तर माझा कडबा-उपाय तसाच्या तसा करू नका. म्हशीचे गाभणपणाचे दिवस ३१० धरा.

भरवल्याची तारीख लिहून ठेवली नसेल तर हे सगळं अंदाजपंचे, आधी गाय तपासून घ्या. आणि घरात आटवायला नको कोण म्हणतंय ते तुम्ही लिहिलं नाही. कुणीतरी आहे, नाहीतर "आटवावी का" असं विचारलंच नसतं.