दुःख टाळण्यासाठीच माणूस जगतो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आपण जेवतो ते भूक सोसत नाही म्हणून, कमावतो ते उद्याची धास्ती वाटते म्हणून, माणसं जोडतो ते एकटेपण नको म्हणून. मग दुःख टाळणं हीच सगळ्या जगण्यामागची मूळ प्रेरणा नाही का?

मला तसं वाटत नाही. पण तुमच्या बाजूने मोठमोठी माणसं उभी आहेत, हे आधी मान्य करते. सांख्य दर्शनाचा जुना ग्रंथ 'सांख्यकारिका', त्याचा पहिलाच श्लोक सांगतो की तीन प्रकारच्या दुःखांचा मारा होतो म्हणून त्याच्या निवारणाचा उपाय जाणून घ्यावासा वाटतो. बुद्धाचं पहिलं आर्यसत्य दुःखाचंच. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसला सुखवादी म्हणतात, पण त्याच्या लेखी सुखाची परमावधी म्हणजे दुःखाचा अभाव. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की काही गमावण्याची बोच तेवढंच मिळवण्याच्या आनंदापेक्षा जास्त असते. दुःखाच्या ताकदीबद्दल माझा वाद नाहीच. माझा प्रश्न एवढाच की ते दूर केलं तर मागे काय उरतं?

काही माणसांना जन्मतःच शारीरिक वेदना जाणवत नाही. उत्तर पाकिस्तानातल्या अशा कुटुंबांवरचा अभ्यास २००६ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला. एससीएन९ए या एका जनुकातल्या बिघाडामुळे वेदनेचा संदेशच निघत नव्हता. या शोधाची सुरुवात झाली एका मुलापासून. तो रस्त्यावर खेळ करून दाखवायचा, दंडात सुरी खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. वेदनेचा पहारा नसला की आयुष्य असं लवकर संपू शकतं. पण त्याचे खेळ पाहता त्या मुलाला जगण्याची हौस कमी होती, असं काही वाटत नाही. अशा माणसांना मनाचं दुःख असतंच, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही, हेही खरं.

माझं मत बनलं ते वडिलांच्या शेवटच्या आजारपणात. कॅन्सर हाडांत उतरला होता. कूस कशी बदलायची, पुढची गोळी कधी, याखेरीज त्यांच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. त्या दिवसांत तुम्ही हाच प्रश्न मला विचारला असता तर मी हो म्हणाले असते. मग मॉर्फिनची मात्रा नीट बसली. दुःख टाळणं हेच सगळ्याचं मूळ असतं तर आता त्यांनी स्वस्थ पडून राहायला हवं होतं. झालं उलटंच. आधी चष्मा मागितला. मग नातीला बुद्धिबळाचा पट मांडायला लावला, आणि तिने हत्ती फुकट घालवला म्हणून तिच्यावर चिडलेसुद्धा. फार वेळ बसलं की पाठ पुन्हा ठणकायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी डाव संपेपर्यंत आडवे होत नसत.

असह्य दुःखात माणूस दुःख टाळण्यापुरता उरतो खरा, पण ती त्याची आकसलेली अवस्था असते. जरा उसंत मिळाली की कुतूहल, माया, हातात घेतलेलं तडीला नेण्याची ओढ पुन्हा डोकं वर काढते. आधीच्या वेदनेने ती निर्माण केलेली नसते, फक्त दडपून ठेवलेली असते.

यावर कुणी म्हणेल, डाव न खेळण्याचं दुःख मोठं होतं म्हणून त्यांनी पाठदुखीचं छोटं दुःख पत्करलं. हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन यांच्या २०१४ सालच्या एका प्रयोगात लोकांना १५ मिनिटं खोलीत एकटंच विचार करत बसवलं होतं. हाताशी फक्त विजेचा झटका देणारं बटण. हा झटका पुन्हा बसू नये म्हणून पैसेही मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरी १८पैकी १२ पुरुषांनी आणि २४पैकी ६ बायकांनी तो स्वतःहून घेतला. त्यांनी कंटाळ्याचं दुःख टाळलं, असं म्हणता येतंच. बटण दाबलं नसतं तर झटक्याचं दुःख टाळलं असं म्हटलं असतं. माणूस कसाही वागला तरी जे खरंच ठरतं, त्यातून तो असाच का वागला हे कळत नाही.

मराठीत टिळकांनी 'गीतारहस्या'त 'सुखदुःखविवेक' नावाचं अख्खं प्रकरण या वादाला दिलं आहे. ज्या गोडाची लहान मुलाला इच्छाच नव्हती ते अचानक त्याच्या तोंडात पडलं, तर ते सुख कोणत्या दुःखाच्या निवारणातून आलं, असा त्यांचा सवाल आहे. सुख आणि दुःख या दोन स्वतंत्र वेदना, म्हणजे जाणिवा, आहेत, हा त्यांचा निष्कर्ष मला पूर्ण पटतो. सगळा ग्रंथ वाचणं जमणार नसेल तर तेवढं प्रकरण जरूर वाचा.

तुम्ही निव्वळ जिज्ञासेने विचारलं असेल तर माझं उत्तर इथे संपलं. पण पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही हल्ली नकोशा झाल्या असतील, दिवस कसा ढकलायचा एवढंच सकाळपासून डोक्यात असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर माणूस मुळात असाच असतो असं कृपा करून मानू नका. नैराश्यात असंच वाटतं आणि त्यावर उपचार आहेत. इथे जे विचारलंत तेच, त्याच शब्दांत, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना सांगा.